सुकटीची जागा

वैष्णवी मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापसाचा पुडा होता. दवाखान्यात असतो तसा, निळ्या कागदात गुंडाळलेला. मला वाटलं, कुठं जखमबिखम बघायची असेल. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, जखम कुठलीच नव्हती. लकवा मारून उजवा हात लुळा पडला होता, पाय ओढत चालत होत्या आणि जीभ जड झाली होती.

"आजी, आज आपण वाती वळायच्या," मॅडम म्हणाल्या.

आत्याबाईंनी कापसाकडं पाहिलं, मग मॅडमकडं, मग माझ्याकडं. सगळी जवानी दुसऱ्याच्या रानात कापूस वेचण्यात गेलेली बाई. कशाच्या वाती, असं त्यांनी तुटक तुटक विचारलं. मॅडम म्हणाल्या, देवापुढच्या दिव्याच्या. त्यावर आत्याबाईंनी मान फिरवून घरभर नजर टाकली, जणू एखादा देव कुणी त्यांच्या नकळत आणून बसवलाय. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मेणबत्ती, अगरबत्ती आणि सकाळचं फूल. मॅडम नेमक्या तिकडं पाठ करून बसल्या होत्या.

मी पुड्याचा निळा कागद सोडून दिला. रोज सकाळी वंदनेला बसून पंचशील घेताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला मी आपल्या पदरचं एक जोडते, की आज कुणाला लागेल असं बोलणार नाही. घ्यायला हे सोपं आहे. दारात कापूस घेऊन माणूस आलं की पाळणं अवघड.

वाती झाल्या. बहुतेक मॅडमनीच वळल्या. आता ह्या देवापुढं ठेवू, म्हणून त्या उठून वळल्या आणि तसबिरीसमोर तशाच उभ्या राहिल्या. कानापर्यंत लाल झाल्या. सॉरी काकू, मला वाटलं खेडेगावात आजींना, असं काहीतरी अर्धवट बोलल्या. असू द्या, मी म्हणाले. आत्याबाईंनी त्यातली एक वात उचलून डाव्या हातानं कानात खोचली. त्या दिवशी वारा लय होता.

आत्याबाईंचं नाव सरजाबाई. ताडकळसात हे नाव घेतलं की माणसं आधी नाकापुढं हात हलवतात आणि मग पत्ता सांगतात, कारण माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून त्या आठवडी बाजारात सुकट विकत आल्या. बोंबील, झिंगे, खारवलेला मासा. स्टँडकडचा रस्ता बाजारात शिरतो तिथं लिंबाखाली त्यांची जागा. अशा जागेचा कागद नसतो, बसेल त्याची जागा. दुखण्याखुपण्यात एखादा बाजार चुकला तर शेजारी बसणारा आपलं पोतं टाकून सांभाळतो, पण तो तरी किती दिवस सांभाळणार. मग एके दिवशी दुसरंच कुणीतरी तिथं पाल ठोकतं, आणि गेली ती गेली.

लकवा मारल्यापासून दर बाजाराच्या दिवशी सकाळी त्या एकच शब्द विचारत. "जागा?"

माझे मिस्टर सिद्धोधन शाळेत मास्तर आहेत. निघता निघता ते म्हणत, हाय आई, हाय, तू आधी बरी हो. मग आत्याबाई माझ्याकडं बघत. मी भांड्यांत हात घालून बसलेली असे.

माझं म्हणणं काय होतं ते लपवायचं कारण नाही. आमच्या घराच्या भिंतींना बोंबलाचा वास आहे. चुना मारला तरी आहे. मी अष्टमी-पौर्णिमेला उपोसथ धरते, पांढरी साडी नेसते, दुपारनंतर अन्न घेत नाही, आणि त्या दिवशीसुद्धा माझ्या पदराला वास असतो. मांसाचा व्यापार करू नये असं धम्मात सांगितलंय, हे मी नवी नवरी असताना एकदा हळूच म्हणून पाहिलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, मी मेलेलं इकते, जितं कुणी मारलं त्याला जाऊन इचार. आणि वर म्हणाल्या, तुझा नवरा ह्याच वासात शिकून मास्तर झालाय, त्याला नाक लावून बघ. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आता दुखण्यानं धंदा आपोआप सुटत होता, तर सुटू द्यावा. मुद्दाम मी काही करणार नव्हते.

दुसऱ्या खेपेला मॅडम तयारीनं आल्या.

पोरगी पुण्याकडची, परभणीच्या एका दवाखान्यात काही महिन्यांसाठी शिकायला आलेली. शिक्षण ऑक्युपेशनल थेरपीचं. तिनं मला समजावून सांगितलं की हे नुसतं हातपाय हलवून घेणं नव्हे. माणसाला रोज जे करावं लागतं, जेवणं, वेणी घालणं, भाकरी थापणं, ते त्याचं त्याला पुन्हा जमावं हे बघायचं. आणि ते त्याच्या संस्कृतीला धरून बघायचं. ह्या संस्कृतीवर तिच्या सरांचा फार जोर. आत्याबाईंची केस तिला सरांपुढं आणि सगळ्या वर्गापुढं मांडायची होती, आणि पहिल्याच दिवशी वातींचा घोळ झाल्यामुळं ती धास्तावली होती.

धास्तावलेलं माणूस फार अभ्यास करतं. गल्लीत शिरल्यापासून तिनं दिसेल त्याला जयभीम घातला. आमच्याकडं ताक घेऊन आलेल्या दगडाबाईंनाही घातला. दगडाबाई मागच्या आळीतल्या, शेतकऱ्याच्या घरच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि खंडोबाचा टाक. त्यांनी ताकाचा तांब्या खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, "जयभीम बाई, जयभीम. चतुर्थीला बी म्हणू का?" मग पदर तोंडाला लावून त्या दारातून बाहेर पडेपर्यंत हसत होत्या. मॅडमना कळलं नाही. मी सांगितलंही नाही. लागोपाठ दोन खेपांना एवढं लाल होणं कुणाच्याच तब्येतीला बरं नव्हे.

मग प्रश्न सुरू झाले. तुमच्यात सकाळी उठल्यावर आधी काय करतात? तुमच्यात आजारी माणसाला काय वर्ज्य असतं? तुमच्यात सुनेनं सासूची वेणी घातलेली चालते का? सुनेनं नाही घालायची तर काय कलेक्टरनं घालायची, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणाले, चालते. तुमच्यात, तुमच्यात, तुमच्यात. चहा गार झाला. मी दुसरा ठेवला, तोही त्यांच्या प्रश्नांत गार झाला.

"तुमच्यात मांसाहार तर नसेलच ना काकू? अहिंसा असते म्हणून?"

खाटेवरून घर्र असा आवाज आला. मॅडमना वाटलं आजींना ठसका लागला, त्या पाणी घेऊन धावल्या. तो ठसका नव्हता. मी म्हणाले, मी खात नाही. खोटं नव्हतं ते. आजी आधी काय काम करायच्या, असंही त्यांनी विचारलं. मी म्हणाले, लोकांच्या रानात मजुरी केली, घर केलं. तेही खोटं नव्हतं.

मग त्या खाटेजवळ बसल्या आणि पुस्तकात असतं तसं, डोळ्यांत बघून विचारलं, "आजी, तुम्हाला स्वतःला काय करता यावंसं वाटतं?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागतो, आणि आमच्या घरात तेवढा वेळ थांबायची कुणाला सवय उरली नव्हती. मीच म्हणाले, दोन्ही हात जोडून वंदना करायची आहे त्यांना, येत्या पौर्णिमेला. मॅडमचा चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. आत्याबाईंनी तोंड मिटलं.

तिथून पुढं जे सुरू झालं त्यात तिघीही बेजार झालो. मॅडम आठवड्यातून एकदोनदा येत, आत्याबाईंचा उजवा हात उचलून डाव्याला चिकटवत, म्हणत, "बुद्धं सरणं, शाब्बास आजी, धरून ठेवा." हात घसरून मांडीवर पडे. पुन्हा उचलायचा. रंगवायला कमळाचं चित्र आणलं होतं, वर प्लास्टिक चढवलेलं, म्हणजे पुसून पुन्हा रंगवता यावं. आत्याबाईंनी ते एकदाही रंगवलं नाही. चूल पेटेना तेव्हा वारा घालायला तेवढं बरं होतं. मॅडम मोबाईलवर मंद संगीत लावत. ते लागलं की आत्याबाई झोपत. खऱ्या झोपत की खोट्या, हे मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही.

"काकू, आजींना इच्छाच नाही," मॅडम एकदा दारात चप्पल घालताना म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. सगळं त्यांच्या संस्कृतीप्रमाणं करतेय, तरी काही होत नाही, आता सरांना काय दाखवू. मला त्यांची दया आली आणि रागही आला. घरात भांडी पडलेली, दळण आणायचं राहिलेलं, सासू भिंतीकडं तोंड करून पडलेली, आणि मी ह्या पोरीची समजूत काढत दारात उभी. होईल हळूहळू, मी म्हणाले.

मॅडम बाजाराच्या दिवशी कधी येत नसत, बसला गर्दी असते म्हणून. एका आठवड्यात त्यांना दुसरा दिवस मिळाला नाही आणि त्या नेमक्या बाजाराला उतरल्या. लिंबाच्या शेजारी भुजंग बसतो, मीठ-मिरची विकतो. दवाखान्याची पिशवी बघून त्यानं हाक मारली. सरजामायकडं चाललाव का, कशी हाय, कवा येनार. मी पोतं टाकून टाकून थकलो बाई. रेडिमेड कपड्यावाला नागेश रोज इचारायलाय. पुढल्या बाजाराला तो पाल ठोकनार म्हनलाय, आन् एकदा ठोकलं की मग माझं कोन ऐकतंय. सुकट घ्यायला आलेल्या बाया अजून इथं येऊन परत जायलात.

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की मॅडम चप्पल न काढता थेट घरात आल्या.

"काकू, आजी सुकट विकायच्या?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला, आजी काय करायच्या म्हणून. तुम्ही मजुरी म्हणालात."

"मजुरीही केली त्यांनी."

"मला कशी कल्पना येणार? मला वाटलं तुमच्यात मासे वगैरे—"

मी पीठ मळत होते. हात परातीतच राहिले. आवाज मी वाढवला नाही, मला तो वाढवता येतही नाही.

"तुमच्यात म्हणजे कुणात, मॅडम?" मी म्हणाले. "मी मासा खात नाही. माझे मिस्टर रविवारी हात धुऊन बसतात. सासूबाई विकतात, आणि पौर्णिमेला विहाराकडं जायला सांगितलं तर त्यांचे गुडघे दुखतात. एका घरात आम्ही तीन माणसं. ह्यातलं कुणाचं तुमच्यात हवंय तुम्हाला?"

मी पुन्हा पीठ मळायला घेतलं. मॅडम परातीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं,

"मग पौर्णिमेला हात जोडायचे आहेत, हे कुणी सांगितलं होतं?"

खाटेवर आत्याबाई उठून बसल्या होत्या. त्या बोलायला लागल्या. मी सवयीनं पुढचा शब्द घालायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझ्याकडं न बघता हात वर केला. माझ्याच घरात, मला. आत्याबाईंचे शब्द एकेक करून आले.

"भुजंग... काय... म्हनला?"

मॅडमनी सगळं सांगितलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं. डाव्या हातानं खाटेची कड धरून उभ्या राहिल्या, पाय ओढत कोनाड्यापर्यंत गेल्या, मी माळ्यावर टाकायला म्हणून बांधून ठेवलेलं बोचकं सोडलं, आणि आपला तराजू आणून मॅडमच्या मांडीवर ठेवला. साखळ्या खणखणल्या. मॅडमच्या पांढऱ्या ओढणीवर कळकट डाग पडला.

त्या दिवसापासून आमच्या ओसरीवर बाजार भरायला लागला. माळवदावर राहिलेली सुकटीची एक टोपली खाली आली. मी नाकाला फडकं बांधून लांब बसले. मॅडमनी ओढणी नाकाला गुंडाळली, तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ दिसली. त्यांच्या घरात पिढ्यांपासून माळ आहे, अंडंसुद्धा आलेलं नाही. ह्या पोरीनं दोन बोटांच्या चिमटीत बोंबील उचलला, मेलेली पाल धरावी तसा, आणि डोळे मिटून पारड्यात टाकला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, तुमच्यात चालतं का हे? माळ घालून?"

आत्याबाई हसायला लागल्या. लकव्यानंतर पहिल्यांदा एवढ्या मोकळ्या. अर्ध्या तोंडानं, पण पोट हलेपर्यंत. "आता... हिनं... चालू केलं," त्या मॅडमना म्हणाल्या. मी उठून स्वयंपाकघरात गेले. काही काम नव्हतं, तरी डबे पुसत बसले. बाहेरून मॅडमचा आवाज आला, माझ्या आईला सांगू नका फक्त.

पण काम काही सोपं झालं नाही. तराजू एका हातानं धरायचा आणि दुसऱ्यानं माल टाकायचा, आणि आत्याबाईंचा चालता हातच एक. मॅडमनी ओसरीच्या वाशाला दोरी बांधून तराजू टांगला, बाजारात पालाच्या बांबूला टांगता येईल म्हणून. हे आत्याबाईंना पटलं. पुडी बांधताना उजवा हात कागदावर नुसता ठेवायचा, वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवतो तसा, हेही पटलं. दोरा दातानं तोडायला त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अडलं ते शेवटी. मॅडम म्हणाल्या, पुडी डाव्या हातानं द्या आजी, किती सोपं पडेल, असे कितीतरी पेशंट सगळं डाव्यानं करायला शिकतात.

आत्याबाईंनी पुडी खाली टाकली.

मॅडमनी उचलून पुन्हा डाव्या हातात दिली. आत्याबाईंनी पुन्हा टाकली. झिंगे ओसरीभर झाले. मॅडम म्हणाल्या, आजी, उजवा अजून तेवढा येत नाही, हट्ट करून कसं चालेल. आत्याबाईंनी तोंड फिरवलं. मी केरसुणी घेऊन आले आणि झिंगे गोळा करताना मनातल्या मनात दोघींनाही नमस्कार केला. इकडची हट्टी, तिकडची हट्टी, आणि झाडायला मी.

"बोहणी," आत्याबाई भिंतीला म्हणाल्या. "डाव्यानं... कोन घेतंय?"

मॅडमनी तोंड उघडलं. मला माहीत होतं कुठला शब्द येणार. तो त्यांनी गिळला, मला स्पष्ट दिसलं गिळताना.  मग म्हणाल्या, "आजी, गिऱ्हाईक कुठं उभं असतं? उजवा हात कुठपर्यंत आला म्हणजे त्याला पुडी घेता येईल? दाखवा मला."

आत्याबाईंनी डाव्या हातानं हवेत जागा दाखवली. टोपलीच्या कडेच्या जरा पुढं. फार लांब नव्हती. मॅडम तिथं जाऊन उभ्या राहिल्या, गिऱ्हाईकासारख्या वाकून हात पुढं केला आणि म्हणाल्या, आणा इथपर्यंत. बाजारापर्यंतचे दिवस तेवढंच चाललं. पुडी उजव्या हातात, आणि तो हात पडू नये म्हणून खालून मनगटाला डाव्याचा आधार. त्या यायच्या नसत तेव्हा गिऱ्हाईक मला व्हावं लागे. मी फडक्यातून पुडी घ्यायची, पुन्हा टोपलीत टाकायची, पुन्हा हात पुढं करायचा. आत्याबाई मला घासाघीस करायला लावत. सरळ घेतलं की पुडी सोडत नसत.

बाजाराचा दिवस उजाडला तो अष्टमीचा. मी पहाटे अष्टशील घेतलं होतं, पांढरी साडी नेसले होते. सिद्धोधनना शाळेत तपासणी होती, त्यांना रजा नाही. म्हणजे टोपली कुणी उचलायची हे वेगळं सांगायला नको. डोक्यावर बोंबील, एका हाताला सासू, मागं मॅडम तराजू, बांबू आणि पालाचं कापड घेऊन. गल्लीतल्या बायका दारात आल्या. मी खाली बघून चालले.

लिंबाखाली नागेशनं पाल ठोकलं होतं. लहान मुलींचे झालरीचे फ्रॉक, टांगलेले आणि अंथरलेले, गुलाबी, पिवळे, एकावर एक. भुजंग म्हणाला, मी सांगून बघितलं माय, ऐकंना. नागेश म्हणाला, किती बाजार झाले ही जागा मोकळी हाय, मोकळी जागा काय कुणाच्या नावावर असते काय. चुकीचं काही म्हणत नव्हता. आत्याबाई बोलायला लागल्या, पण त्यांचा पहिला शब्द पुरा व्हायच्या आत तो चार वाक्यं बोलून जायचा. भर बाजारात त्यांच्या शब्दाला थांबणारं कुणी नव्हतं. त्यांचं तोंड हलत राहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईच्या डोळ्यांत मी पाणी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांना नेलं तेव्हाही नाही.

मॅडम पुढं झाल्या, दवाखान्याचं ओळखपत्र काढून काहीतरी म्हणू लागल्या. नागेशनं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाला, मॅडम, दवाखाना तिकडं हाय.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. भांडायला मीच उरले होते, आणि मला भांडता येत नाही. त्यात अष्टमी.  मी डोक्यावरची टोपली उतरवली, त्याच्या फ्रॉकांच्या अगदी कडेला ठेवली, वरचं फडकं काढलं आणि पांढऱ्या साडीनं तिथंच मातीत मांडी घातली.

"तुम्ही बसा दादा," मी म्हणाले. "आम्हीही बसतो. जागा पुष्कळ आहे."

ऊन चढायला लागलं होतं. टोपलीतल्या मालाला ऊन लागलं की काय होतं ते मला इतकी वर्षं घरात पाठ होतं. एक बाई लेकीला घेऊन फ्रॉक बघायला आली, फ्रॉक नाकाशी नेला आणि ठेवून पुढं गेली. दुसरी लांबूनच गेली. भुजंग मिरच्यांत तोंड घालून हसत होता. नागेश मला म्हणाला, काकू, टोपली जरा तिकडं सरकवा. मी म्हणाले, तिकडं कुठं, तिकडं तर रस्ता आहे. पुन्हा जरा वेळानं म्हणाला, काकू, फडकं तरी टाका वरून. मी म्हणाले, माल झाकला तर गिऱ्हाईकाला दिसेल कसा. मी एकही कठोर शब्द बोलले नाही, हे भुजंगही सांगेल. मी फक्त बसले होते.

नागेशनं शिव्या देत पाल सोडलं आणि चप्पलवाल्याच्या पलीकडं नेलं. जाताना म्हणाला, सरजाबाईपेक्षा सून बेकार हाय.

आमचं पाल उभं राहिलं, बांबूला तराजू टांगला. आत्याबाई पोत्यावर बसल्या, पदर खोचला आणि बाजारावर अशी नजर टाकली, जणू मधे काही झालंच नव्हतं. पहिल्या आल्या त्या दगडाबाई. मॅडमना बघून त्यांनी आधी जयभीम घातला, मग झिंगे मागितले, मग मापावरून वाद घातला. आत्याबाईंनी तोलले, कागदावर लुळा हात ठेवला, पुडी बांधली, दोरा दातानं तोडला. पुडी उजव्या हातात घेतली. हात थरथरत वर आला, डावा मनगटाखाली गेला. दगडाबाई हात पुढं करून उभ्या राहिल्या, घाई न करता. पुडी टोपलीच्या कडेपलीकडं पोचली.

 आत्याबाईंचे दोन्ही हात एकत्र आले होते. इतके दिवस मी हेच मागत होते. आले ते झिंग्याच्या पुडीपायी.

बोहणी झाल्यावर बाया थांबेनात. आत्याबाईंनी माझ्याकडं रद्दीचा गठ्ठा सरकवला. "बांध," त्या म्हणाल्या. आज माझी अष्टमी आहे, मी म्हणाले. "बांध," त्या पुन्हा म्हणाल्या. हा शब्द त्यांना एका दमात येतो.

दुपार कलली. माझं अन्न बंद झालं होतं, आणि साडीला जो वास लागला होता तो पुढच्या पौर्णिमेपर्यंत तरी जाणार नव्हता. मॅडम ओढणी नाकाला लावून शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं वळून "काकू, तुमच्यात" म्हणून सुरुवात केली आणि थांबल्या. मग निराळंच विचारलं.

"काकू, तुम्हाला सहन होतो हा वास?"

"नाही," मी म्हणाले.

"मलाही नाही."

मी विकत नव्हते. नुसत्या पुड्या बांधत होते. पलीकडून आत्याबाई मॅडमना काहीतरी सांगत होत्या, एकेक शब्द करून, आणि ती पोरगी शेवटपर्यंत थांबली. मग माझ्याकडं बघून जरा घाबरतच म्हणाली, आजी म्हणताहेत, पुढच्या बाजाराला टोपल्या दोन आणायच्या.